रेडिओवर वेळ लावणारं घड्याळ खानदेशातल्या घरात: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावात राहतो, मूळ गाव रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. दिवाळीला आणि मे महिन्यात बाहेरगावी असलेली मुलं घरी येतात. कुणी जर्मनीहून, कुणी जपानहून, कुणी ऑनलाइन मागवून एखादं ‘आपोआप वेळ लावणारं’ घड्याळ आणतं. मुलं परत गेली की चार दिवसांनी मला फोन येतो, “भाऊ, हे घड्याळ काही लागत नाही.” त्या फोनांवर दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

रेडिओ कंट्रोल्ड घड्याळ म्हणजे नेमकं काय?

आत साधंच क्वार्ट्झचं यंत्र असतं, जोडीला एक छोटा रेडिओ. काही देशांत सरकारी प्रयोगशाळा अणुघड्याळाची वेळ लाँगवेव्हवर, म्हणजे फार लांब रेडिओ लहरींवर, सतत प्रक्षेपित करतात. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला ७७.५ किलोहर्ट्झवर, इंग्लंडमध्ये अँथॉर्नला आणि अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सला ६० किलोहर्ट्झवर, जपानमध्ये दोन डोंगरांवरून ४० आणि ६० किलोहर्ट्झवर, चीनमध्ये शांगचिऊला ६८.५ किलोहर्ट्झवर.

जर्मन केंद्राची पद्धत समजायला सोपी आहे. दर सेकंदाच्या सुरुवातीला लहरीची ताकद क्षणभर कमी होते. दशांश सेकंद कमी झाली तर शून्य, दोन दशांश झाली तर एक. असे ठोके मिनिटभर मोजले की तास, मिनिट, तारीख, वार, महिना, वर्ष सगळं हाती येतं. एकोणसाठाव्या सेकंदाला मुद्दाम काहीच होत नाही, त्या शांततेवरून पुढचं मिनिट सुरू होणार हे घड्याळाला कळतं. लाँगवेव्ह रात्री लांब जाते, घरातली यंत्रंही तेव्हा बंद असतात, म्हणून बहुतेक घड्याळं मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमाराला हा ठोका ऐकतात आणि स्वतःला दुरुस्त करतात.

मुलाने परदेशातून आणलेलं असं घड्याळ इथे आपोआप वेळ लावेल का?

नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण दुकानदार सांगत नाहीत आणि खोक्यावर लिहिलेलं नसतं.

जर्मन सिग्नल साधारण २,००० किलोमीटरपर्यंत भरवशाने मिळतो. जळगाव तिथून साडेसहा हजार किलोमीटर दूर. जपानचं जवळचं केंद्र साडेपाच हजारांवर. चीनचं त्यातल्या त्यात जवळ, तरी चार हजारांच्या पुढेच. सातपुड्याच्या माथ्यावर जाऊन बसलात तरी भिंतीवरच्या घड्याळाला हे ऐकू येणार नाही.

माझ्या मावसभावाने जर्मनीहून काट्यांचं सुंदर घड्याळ आणलं होतं. सेल घातल्यावर तिन्ही काटे पळत बाराच्या आकड्यावर गेले आणि तिथेच थांबले. मावशीला वाटलं, प्रवासात आपटलं असणार. घड्याळ ठणठणीत होतं. काटे बारावर नेऊन सिग्नलची वाट बघायची, ही त्याची ठरलेली रीत आहे.

भारतात असा सिग्नल नाहीच का?

लाँगवेव्हवर नाही. पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं ‘एटीए’ नावाचं केंद्र शॉर्टवेव्हवर वेळेचे ठोके द्यायचं. ज्यांच्याकडे चांगला रेडिओ होता ते त्यावर घड्याळं लावत. ते आता बंद आहे, आणि भिंतीवरच्या घड्याळातला छोटा रेडिओ शॉर्टवेव्ह ऐकूही शकत नव्हता. भारतीय प्रमाणवेळ राखायचं काम मात्र हीच प्रयोगशाळा आजही सीझियमच्या अणुघड्याळांवर करते.

आपल्याएवढ्या मोठ्या देशात, जिथे खेड्यापाड्यात इंटरनेट अजून येतं-जातं, असं एखादं लाँगवेव्ह केंद्र असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. एका सेलवर वर्षभर चालणारं आणि कुणी हात न लावता बरोबर राहणारं घड्याळ प्रत्येक शाळेत आणि ग्रामपंचायतीत टांगता आलं असतं.

मग आणलेल्या घड्याळाचं काय करायचं?

हाताने वेळ लावा आणि साधं क्वार्ट्झ घड्याळ म्हणून वापरा. काट्यांच्या घड्याळात मागे ‘एम सेट’ नावाचं बटण असतं. ते तीन-चार सेकंद दाबून ठेवलं की काटे हाताने लावता येतात, मग दाबून धरलं की मिनिटकाटा पळतो, टिचकी दिली की एकेक मिनिट सरकतो. काही घड्याळं सेल घातल्यावर आधी दहा-पंधरा मिनिटं शोध घेतात, तोवर बटणांना दाद देत नाहीत. थांबा, घाई करू नका. सिग्नल शोधणं बंद करायची सोय असेल तर बंद करा, नाहीतर रोज रात्रीच्या निष्फळ शोधात सेल खर्च होतो.

आकड्यांच्या घड्याळात दुसरी अडचण येते. पुष्कळ परदेशी घड्याळांत देश-वेळ निवडताना पूर्ण तासच मिळतात, आपला साडेपाच तासांचा फरक यादीतच नसतो. तिथे विभाग बदलायच्या भानगडीत न पडता सरळ आपली वेळ हाताने भरा. उन्हाळी वेळेचा, म्हणजे ‘डीएसटी’चा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही घड्याळं तासभर पुढे केली होती, आज तसं काही नाही.

फोनवरच्या ॲपने असं घड्याळ लागतं म्हणे, खरं आहे का?

खरं आहे, मी करून पाहिलं आहे. हे ॲप जपानी केंद्राची नक्कल करतं. फोन १३.३३ किलोहर्ट्झचा आवाज काढतो, त्याची तिप्पट ४० किलोहर्ट्झ होते, आणि स्पीकरच्या वेटोळ्यातून तेवढी चुंबकीय लहर चार बोटांच्या अंतरावर पोचते. घड्याळात शहर टोकियो निवडायचं, ॲपमध्ये मात्र भारतीय वेळ पाठवायची, आवाज पूर्ण मोठा करायचा आणि घड्याळ स्पीकरला किंवा इअरफोनच्या तारेला चिकटवून पाच-दहा मिनिटं सोडायचं. मनगटी घड्याळात हे छान जमतं. भिंतीवरच्यासाठी दर आठवड्याला स्टुलावर कोण चढणार! पोच वाढवायला मोठी अँटेना किंवा ॲम्प्लिफायर लावू नका. विनापरवाना प्रक्षेपण आपल्याकडे गुन्हा आहे.

आपल्याकडे आपोआप लागणारं घड्याळ हवं असेल तर काय घ्यावं?

दोनच मार्ग आहेत, जीपीएस किंवा वाय-फाय. घरात चोवीस तास इंटरनेट आणि राउटर असेल तर वाय-फाय घ्या, स्वस्त पडतं आणि तार ओढावी लागत नाही. मळ्यातलं घर, गावाकडचा वाडा, मंदिर, शाळा, जिथे इंटरनेट नाही किंवा कुणाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालतं, तिथे जीपीएस. त्याला महिन्याचा खर्च नाही आणि पासवर्ड बदलला म्हणून ते बंद पडत नाही. भुसावळसारख्या मोठ्या रेल्वे स्थानकावर फलाटावर जी लाल आकड्यांची घड्याळं दिसतात, ती याच जातीची.

खरेदी करताना एक प्रश्न नक्की विचारा: “हे घड्याळ वेळ कुठून घेतं?” ‘आपोआप’ आणि ‘अणुघड्याळासारखं अचूक’ एवढंच उत्तर आलं तर ते लाँगवेव्हचं असण्याचा संभव मोठा. परत ठेवा.

जीपीएसची अँटेना कुठे लावायची?

सगळं यश इथेच ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांची लहर आपल्यापर्यंत पोचते तेव्हा फार क्षीण असते, आणि ती सरळ रेषेतच येते. काच, पातळ प्लॅस्टिक, लाकडी फळी यातून ती येते. सळयांचा स्लॅब तिला अडवतो. पत्रा तर पूर्णच अडवतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत लाकडावर मातीचा जाड थर असतो, पावसाळ्यात तो भिजलेला असतो, त्याखाली माजघरात अँटेना ठेवून काही मिळायचं नाही.

स्लॅबच्या घरात अँटेना खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, आकाश जास्तीत जास्त दिसेल अशा बाजूला ठेवा. अर्धं आकाश दिसलं तरी वेळेपुरतं काम भागतं. ठिकाण शोधायला चार उपग्रह लागतात, पण एकदा ठिकाण माहीत झालं की नुसती वेळ राखायला एक उपग्रहही पुरतो.

पत्र्याच्या घरात तर सोय आयतीच आहे. काडेपेटीएवढी अँटेना खाली चुंबक घेऊन येते. ती पत्र्याच्या वरच्या बाजूला चिकटवा. खालचा पत्रा तिला उलट मदतच करतो.

तार आत घेताना खिडकीपाशी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घरात न येता झोक्याच्या तळाशी ठिबकून जाईल. तार कमी पडली म्हणून मध्ये विजेची साधी वायर जोडू नका. ती कोॲक्सियल केबल असते, तिच्याच जातीची लांब केबल मागवा. मे महिन्यात पत्रा हाताला चटका देतो, स्वस्त तारेचं आवरण दोन उन्हाळ्यांत तडकतं. विजेच्या फिटिंगचा पाइप असतो त्यातून तार नेली तर टिकते, आणि वानरांच्या हातीही लागत नाही. अँटेना घराच्या सर्वांत उंच टोकावर नको. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की घड्याळाचा प्लग आणि अँटेनाची पिन दोन्ही काढून ठेवा.

लावल्यावर किती वेळात वेळ येते?

मोकळं आकाश असेल तर एक-दोन मिनिटांत. पण पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं तरी द्या. त्याला कारण आहे. जीपीएसची स्वतःची वेळ आपल्या नागरी वेळेपेक्षा सध्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक किती, हे उपग्रहाच्या संदेशातच येतं, पण तो संपूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर आत आधीच भरलेला जुना फरक धरून काही स्वस्त घड्याळं दोन-तीन सेकंद पुढची वेळ दाखवतात. लगेच परत पाठवू नका, जेवण करून या आणि मग बघा.

वाय-फायचं घड्याळ राउटरला जोडलंच जात नाही.

दहातल्या बहुतेक फोनांत कारण एकच निघतं. ही घड्याळं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात. नव्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झ चालू असतं आणि दोन्हींचं नाव एकच असतं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या आणि त्याला जोडा. पासवर्डात मराठी अक्षरं किंवा चित्रविचित्र चिन्हं असतील तर तीही काढा.

जोडणीची पद्धत साधारण सारखीच: घड्याळ सुरू केलं की ते स्वतःचं छोटं वाय-फाय सोडतं, फोन त्याला जोडायचा, उघडलेल्या पानावर घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड भरायचा. वेळेचा सर्व्हर विचारला तर ‘इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी’ हा भरा, भारतातले सर्व्हर मिळतात.

तारीख बरोबर, मिनिटं मात्र तीस चुकतात.

देश-वेळ पाच किंवा सहा तास भरली आहे. भारताची वेळ जागतिक वेळेपेक्षा पाच तास तीस मिनिटं पुढे. काही घड्याळांत हा आकडा सेकंदांत मागतात, तिथे १९८०० भरा. मिनिटांत मागितला तर ३३०.

वीज गेली की काय होतं?

आकडे विझतात, पण बरं घड्याळ आत नाण्यासारख्या सेलवर वेळ मोजत राहतं आणि वीज आल्यावर बरोबर वेळेनेच उजळतं. घेताना आत असा सेल आहे का ते बघा. नसेल तर प्रत्येक लोडशेडिंगनंतर शून्य-शून्य दिसेल आणि इंटरनेट येईपर्यंत घर वेळेविना राहील. वाय-फायच्या घड्याळाला इन्व्हर्टर द्यायचा तर राउटरलाही द्या.

उन्हाळ्यात घरातलं साधं घड्याळ मागे पडतं. सेल उतरला का?

सेल बदलूनही मागे पडत असेल तर दोष उन्हाचा आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि तो साधारण २५ अंशांना बरोबर राहील असा घडवलेला असतो. त्यापासून जितकं दूर, तितका तो मंदावतो, आणि हा फरक वर्गाच्या पटीत वाढतो. ४५ अंशांना दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास. आपल्या भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवरचं घड्याळ महिन्यात पंधरा-वीस सेकंद सहज मागे जातं.

कडाक्याच्या थंडीतही तो मंदावतोच, पुढे पळत नाही. म्हणून घड्याळ आतल्या भिंतीवर लावा, कूलरच्या थेट झोतात मात्र नको, ओलाव्याने आतले पत्रे गंजतात. तापमान बघून स्वतःला सावरणारा स्फटिकही मिळतो. ज्यांना घरी घड्याळ जोडायची हौस आहे त्यांनी ‘डीएस ३२३१’ ही चिप घ्यावी, ती वर्षाला एक-दोन मिनिटांच्या आत राहते.

टीव्हीवरच्या बातम्यांतली वेळ बघून लावलं तर चालेल?

मिनिटापुरतं चालेल, सेकंदाला नाही. छत्रीवर येणारं चित्र आधी आकुंचित होतं, मग ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली येतं, मग सेट टॉप बॉक्स ते उलगडतो. यात काही सेकंद जातात. मोबाइलवर दिसणाऱ्या थेट प्रक्षेपणात तर अर्धं मिनिटही जाऊ शकतं. त्यापेक्षा ‘आपोआप वेळ’ चालू असलेला फोन बरा.

पाच मिनिटं पुढे ठेवायची सोय आहे का?

काही घड्याळांत आहे, पण करू नका. आमच्याकडे ओट्यावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, स्वयंपाकघरातलं दहा, आणि देवघरातलं आजोबांच्या हिशोबाने. आजी विचारायची, “कितला वाजनात रे?” आणि उत्तर कुठल्या खोलीतून दिलं जातंय यावर सगळं अवलंबून. घरच्यांना फरक पाठ असतो, त्यामुळे कुणी लवकर निघत नाही. फसतो तो पाहुणा. तत्काळचं तिकीट वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० ला आणि साध्या स्लीपरसाठी ११ ला उघडतं, तिथे सेकंदांनी जागा जातात. घरातलं एक तरी घड्याळ खरं असू द्या.

घड्याळ अचूक आहे, मग दुपारी बाराला सूर्य डोक्यावर का येत नाही?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळच्या रेषेची. जळगाव साधारण ७५.५ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून जळगावचा मध्यान्ह सरासरी १२ वाजून २८ मिनिटांनी होतो. धुळ्याला ३१ मिनिटांनी, नंदुरबारला ३३. खानदेशातल्या खानदेशातच पाच मिनिटांचा फरक!

त्यातही वर्षभर चढउतार असतो, कारण पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली आहे. जळगावला नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १२ मिनिटांनीच मध्यान्ह होतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४२ मिनिटं होतात. दोन्ही वेळा घड्याळ बरोबरच असतं.

मुंबईच्या पंचांगातला सूर्योदय इथे जुळत नाही तोही यामुळेच. जळगाव मुंबईपेक्षा पूर्वेला असल्याने सूर्य इथे रेखांशाच्या हिशोबाने दहा-अकरा मिनिटं आधी येतो, अक्षांश आणि ऋतूनुसार थोडं कमी-जास्त. सेहरी-इफ्तारची वेळ असो की चतुर्थीचा चंद्रोदय, आपल्या गावची गणना बघा.

ही एकच वेळ तशी फार जुनी नाही. प्रमाणवेळ १९०६ ला लागू झाली. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेने धावायची, आणि मुंबई शहराने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली.

मेच्या अखेरच्या आठवड्यात जळगावात शून्य सावलीचा दिवस येतो. अंगणात सरळ उभा पाइप ठेवा. साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी त्याची सावली बुडाशी नाहीशी होते. मुलांना दाखवा. जुलैतही तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं.

लीप सेकंदाला घड्याळ बिघडतं का?

नाही. लीप सेकंद म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला वेळेत घातलेला जादा सेकंद. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ चा, आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला. २०३५ पर्यंत ही पद्धतच थांबवायचं जगाने ठरवलं आहे.

जुन्या जीपीएस घड्याळाची वेळ बरोबर, पण तारीख एकोणीस-वीस वर्षं मागची.

जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे १०२४ पर्यंतच मोजले जातात, मग पुन्हा शून्यापासून. अशी फेरी ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ ला झाली, पुढची नोव्हेंबर २०३८ ला आहे. जुन्या यंत्राला फेरी झाल्याचं कळत नाही. उत्पादकाने नवं सॉफ्टवेअर दिलं असेल तर भरा, नाहीतर तारीख झाकून वेळ वापरा.

शेतातल्या मोटारीच्या टायमरला हे जोडता येईल का?

थेट नाही. त्याच्या टायमरचा स्फटिक पत्र्याच्या पेटीत, उन्हात असतो, म्हणून तो घरच्यापेक्षा जास्त चुकतो. महिन्यातून एकदा फोन बघून लावा, आणि वीज यायच्या वेळेपेक्षा पाच मिनिटं उशिराची वेळ भरा.

घरातल्या जुन्या लंबकाच्या घड्याळाचं काय?

ते काढू नका. नवं घड्याळ आलं की जुनं नीट लावता येतं, आधी तुलनेला काही नव्हतं. दर रविवारी सकाळी चावी देताना दोन्हींतला फरक दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहा. मागे पडत असेल तर लंबकाखालचा नट फिरवून गोळा किंचित वर घ्या, पुढे जात असेल तर खाली. एका वेळी अर्धाच फेरा, मग आठवडाभर हात लावायचा नाही. लोखंडी दांडी वीस अंशांनी तापली की लांबते आणि घड्याळ दिवसाला दहा सेकंद मागे जातं, म्हणून होळीनंतर अर्धा फेरा वर आणि दिवाळीनंतर अर्धा फेरा खाली द्यावा लागतो. आमचं सध्या आठवड्याला वीस सेकंदांत आहे.